भुईचक्राचं सीमोल्लंघन

दसऱ्याची पहाट. खालचं खोरं धुक्यानं काठोकाठ भरलेलं, त्यातून नुसता तुंबरगडाचा बालेकिल्ला वर आलेला, कड्यावर सोनकी पिवळीधमक फुललेली, नगारखान्यात सनईवाला ओठ ओले करत बसलेला, आणि गडाच्या ऐन माथ्यावर, जिथं पिढ्यान्‌पिढ्या तोफा पुजल्या जायच्या, तिथं त्या वर्षी तोफांच्याही पुढच्या मानाच्या जागेवर काय उभं होतं सांगू? हेलिकॉप्टर! हसू नका रे, आधी ऐका तर खरं.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. तुंबरगड म्हणजे चिमूटभर संस्थान, पण रुबाब केवढा! चोपदार, भालदार, सरलष्कर, सगळं जिथल्या तिथं. लष्कर म्हणाल तर परेडला जेवढे त्याहून जास्त पंगतीला. गादीवर हैबतराव राजे, वय पस्तिशीचं, मूलबाळ नाही, आणि नाद एकच, उडण्याचा. विमान चालवायला ते कधीच शिकले होते. पण विमानाला लांब धावपट्टी लागते आणि तुंबरगडावर सपाट जागा म्हणाल तर देवीच्या देवळापुढचं पठार, तेवढंच. पलीकडे थेट कडा.

म्हणून ते यंत्र. आणि ते बनवलं कुणी, तर रायाजीनं.

रायाजी थोरल्या महाराजांचाच, म्हणजे हैबतरावांच्या वडिलांचाच मुलगा. पण लग्नाच्या राणीचा नव्हे, तानूबाई नावाच्या नाटकशाळेचा. अशा मुलांना तिकडं लेकावळे म्हणायचे. रक्त राजाचं, पण दरबारात बसायला जागा नाही. उभं राहायचं, तेही चोपदारांच्या मागं. हैबतराव आणि रायाजी लहानपणी एकाच तळ्यात पोहलेले, एकाच झाडावरून पडलेले, पण मुंज झाली तशी एक झाला ‘सरकार’ आणि दुसरा नुसता ‘रायाजी’. त्याच्या नावापुढं ‘राव’ लावायची सोय नव्हती.

हा रायाजी मोठा हुशार आणि तेवढाच ताठ. लढाईच्या काळात विमानदलाच्या कारखान्यात लागला. लढाई संपल्यावर शत्रूची पकडलेली यंत्रं खोलून बघायला एक तुकडी ऑस्ट्रियात गेली, तिच्याबरोबर गेला, आणि तिथं त्यानं एक अजब हेलिकॉप्टर पाहिलं. त्याचा पंखा इंजिन फिरवतच नव्हतं! पाती आतून पोकळ. एक लहान इंजिन त्या पोकळीतून हवा आणि पेट्रोल दाबून टोकापर्यंत पाठवायचं, आणि प्रत्येक पात्याच्या टोकाला वीतभर नळीत ते पेटायचं. दिवाळीत आपण भुईचक्र लावतो ना, ते कोण फिरवतं? कुणीच नाही! अंगातली आगच त्याला गरगर फिरवते. अगदी तस्संच. जड दातेरी चक्रं नकोत की शेपटीला उलटा पंखा नको.

ते डोक्यात घेऊन रायाजी गडावर परतला. हैबतरावांनी जुनी पागा मोकळी करून दिली, आणि वर्षाच्या आत त्यानं तीन पात्यांचं, एका माणसापुरतं यंत्र उभं केलं. लोक त्याला भुईचक्रच म्हणायचे. पेट्रोल असं प्यायचं की सरकारांची मोटार महिनाभर शेडातून हलत नसे, आणि आवाज? गडावरच्या म्हशींनी दूध आखडलं. गवळणी तक्रार घेऊन दरबारात आल्या, तर सरकार म्हणाले, “म्हशींना म्हणावं, सवय करा.” पण ते उडायचं! पठारावरून माणूसभर, मग झाडाएवढं, मग देवळाच्या कळसाएवढं. आधी रायाजी उडाला, मग त्यानं सरकारांना शिकवलं.

आणि इथंच आबासाहेब आले.

आबासाहेब म्हणजे सरकारांचे चुलते, संस्थानचे सरलष्कर. पांढऱ्या गलमिशा, बोलणं साखरेच्या पाकातलं. सरकारांना मूल नाही, म्हणजे सरकारांच्या मागं गादी आबासाहेबांच्या घरात जाणार, हा हिशोब त्यांनी कधीच मांडून ठेवला होता. पण त्या वर्षी सरकारांनी ठरवलं की दसऱ्याच्या संध्याकाळच्या दरबारात दूरच्या भाऊबंदांतला एक मुलगा दत्तक म्हणून जाहीर करायचा. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या संध्याकाळच्या आत व्हायला हवं होतं.

सरकारांनीच त्यांना वाट करून दिली. म्हणाले, यंदाचं सीमोल्लंघन हत्तीवरून नाही, आकाशातून! गडाच्या पायथ्याचा ओढा ही संस्थानची शीव. आम्ही स्वतः यंत्र चालवत कड्यावरून खाली जाऊ, ओढा ओलांडू, पलीकडच्या आपट्याची डहाळी घेऊन परत येऊ. शेजारच्या संस्थानांना आमंत्रणं गेली.

एक दिवस आबासाहेब पागेत आले. रायाजी पाती तराजूत घालून कानसत होता. तिन्ही पाती अगदी एकसारख्या वजनाची हवीत, म्हणून एकेकाचा कीस काढायचा आणि पुन्हा तोलायचं.

“सोनारासारखं काय तोलत बसलायस रे?” आबासाहेबांनी विचारलं.

आता रायाजीला कुणी असं विचारलं की तो सुटायचाच. त्यानं तराजूतलं तोळ्याचं वजन उचललं आणि थेट सरलष्करांच्या तळहातावर ठेवलं. “कळतंय काही, आबासाहेब? नाही ना? पण हाच तोळा एका पात्याच्या टोकाला बांधा आणि यंत्र पुऱ्या वेगात फिरवा. तिथं त्याची ओढ सात शेरांची होते. एक पातं ओढतंय, बाकीची दोन नाहीत, मग यंत्र थरथरणारच.”

“आणि वीस तोळे असले तर?”

“तर तुम्ही जवळपास उभे राहू नका!” रायाजी खो खो हसला. “पाय जमिनीला टेकलेले असताना तर फारच वाईट. धक्का जमिनीतून उलटा येतो, दर फेऱ्याला वाढत जातो. तेव्हा पेट्रोल बंद करून काही होत नाही, पाती थांबायच्या आतच सगळ्याचे तुकडे उडतात. इलाज एकच, उचलायचं, जमीन सोडायची. मग घटकाभर तगतं.”

“हुशार आहेस हो,” आबासाहेब म्हणाले, आणि तोळा जपून परत तराजूत ठेवला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या घराण्याची रीत अशी, की मानाच्या पहिल्या शस्त्राला राणीसाहेबांनी स्वतःच्या हातानं चांदीचा ताईत बांधायचा. वर लाखेची मोहोर. शस्त्र सीमोल्लंघन करून परत येईपर्यंत तो कुणी सोडायचा नाही. सोडला तर धन्याचं वाईट चिंतलं असं धरायचे. शिवाय पूजलेलं शस्त्र दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचंसुद्धा नाही, आणि मग पहिला हात लावायचा तो धन्यानंच.

आबासाहेब हात जोडून म्हणाले, “सरकार, यंदा मान या यंत्राचाच. शस्त्रच ते.”

सरकार खूश. राणीसाहेब उमाराजे ताईत घेऊन यंत्राजवळ गेल्या आणि पात्याच्या बुडाशी बांधायला लागल्या.

“तिथं नव्हे, राणीसाहेब,” आबासाहेब म्हणाले. “भाल्याला ताईत फाळाशी बांधतात. पात्याचा प्राण टोकाला, जिथं आग पेटते.”

रायाजी पुढं झाला. “सरकार, टोकाला नको.”

“लेकावळ्यानं पूजेत बोलायचं नसतं,” आबासाहेब हसतच म्हणाले, आणि अख्खी सभा हसली. सरकारांनी मान फिरवली.

राणीसाहेबांनी ताईत हातावर तोलला. “यंदा जरा जड लागतोय का हो, आबासाहेब?”

“देवीचं वजन आहे, राणीसाहेब. हलकं कसं असेल?”

रायाजीला ते ऐकू गेलं नाही. तो पुन्हा चोपदारांच्या मागं जाऊन उभा होता ना, त्याच्या जागेवर! पण तो गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. दरवर्षीचा ताईत एकाच साच्यातला, एकाच सोनाराकडचा, चांदीची पोकळ पेटी आणि आत चिमूटभर भंडारा, त्याचं वजन अख्ख्या गडाला ठाऊक. त्यानं बरोबर तेवढ्याच वजनाच्या दोन पट्ट्या कापल्या आणि पुजाऱ्याला गळ घालून, फुलांच्या माळांबरोबर, बाकीच्या दोन पात्यांच्या टोकांना बांधून घेतल्या. झालं, तोल साधला असं त्याला वाटलं. रीत बदलत नाही, यावर त्याचा विश्वास होता. ज्या रितीनं त्याला जन्मभर मागं उभं केलं, तिच्यावरच! फिरवून बघता आलं असतं तर लगेच कळलं असतं, पण पूजलेलं शस्त्र हलवायचं नव्हतं, आणि भोवती सरलष्करांचे पहारेकरी.

तरी दसऱ्याच्या पहाटे, त्या धुक्यात, तो सरकारांना गाठायला देवळाच्या पायऱ्यांशी जाऊन उभा राहिला. सरकार ओलेत्यानं दर्शन घेऊन बाहेर आले.

“सरकार, एक विनंती. आपण बसण्यापूर्वी एकदा मला रिकामं फिरवू द्यावं.”

“पहिला हात आमचा, रायाजी. रीत तुलाही माहीत आहे.”

“रीत माहीत आहे, म्हणून तर सरकारांच्या जिवाची काळजी.”

सरकार थांबले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाले, “आज संध्याकाळी दरबारात आधी दत्तकविधान जाहीर करू. मग पहिलं सोनं द्यायला चोपदार कुणाला पुकारणार, ठाऊक आहे? रायाजीराव राजे. राव, आणि राजेसुद्धा. आमच्या उजव्या हाताला बसायचं. आता ऐन दिवशी आबासाहेबांना बोलायला जागा देऊ नकोस, भाऊ.”

भाऊ! अरे, जन्मात पहिल्यांदा. रायाजीनं मुजरा केला आणि तो गप्प राहिला. आता बोला, कुणीही गप्पच राहिला असता की नाही?

ऊन वर आलं, धुकं फाटलं, नौबत झडली. पठारावर मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. शेजारचे संस्थानिक शामियान्यात, चिकाच्या पडद्यामागं राणीसाहेब आणि सरदारांच्या बायका, पोरंबाळं, हत्ती, घोडे, भोवती पंचारती घेतलेल्या सुवासिनींचं कोंडाळं. रायाजी ओरडून ओरडून सांगतोय, मागं सरा, मागं सरा, पण दसऱ्याला कोण मागं सरतं? आणि गंमत बघा, एकटे आबासाहेब मात्र लांब, तोफेच्या आडोशाला जाऊन उभे राहिले. उन्हाचा त्रास होतो म्हणाले.

सरकार बसले. जरीची पगडी, कमरेला शेला. छोटं इंजिन सुरू झालं, पाती हवेवर सळसळू लागली. मग त्यांनी पेट्रोल सोडलं, कळ दाबली, आणि फाट्‌ फाट्‌ फाट्‌ करत तिन्ही टोकं पेटली. आगीचं एक कडंच तयार झालं डोक्यावर! लोकांनी जयजयकार केला. हत्ती चीत्कारले.

पाती वेग घेऊ लागली तसं यंत्र एका अंगाला डोललं. मग दुसऱ्या. लोकांना वाटलं, नाचतंय. त्यांनी अजून टाळ्या पिटल्या.

रायाजीला त्याच क्षणी सगळं कळलं. ताईत जड आहे. वीस तोळे असले तर, आबासाहेबांनी विचारलं होतं. त्यानं तोफेकडं पाहिलं, तर आबासाहेब त्याच्याकडंच बघत होते.

“उचला! सरकार, उचला!” तो ओरडला, पण त्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार! सरकारांनी घाबरून पेट्रोल बंद केलं. आग विझली, पण पाती फिरतच राहिली, आणि पाय जमिनीवर आपटत राहिले, दर फेऱ्याला जास्त, अजून जास्त, पत्रे सुटायला लागले. पेट्रोलची टाकी भरलेली, भोवती पेटत्या पंचारत्या, आणि ती पाती सुटली असती तर गवताच्या पेंढीसारखी माणसं कापत गेली असती.

रायाजी पहारेकऱ्याच्या भाल्याखालून वाकून घुसला. त्यानं सरकारांचा शेला धरला आणि भर सभेत, अख्ख्या जगादेखत, तुंबरगडच्या राजाला खाली ओढून मातीत फेकलं. पगडी घरंगळत गेली. तो आत बसला, टोकं पुन्हा पेटवली आणि सारा जोर लावून यंत्र उचललं.

जमीन सुटली आणि थरथराट एकदम कमी झाला. सुवासिनींच्या डोक्यांवरून, शामियान्याच्या झालरीला चाटून, तो सरळ कड्याकडं निघाला. तो उतरू शकत नव्हता, बरं का. पाय टेकले की पुन्हा तेच. आणि वर राहू शकत नव्हता, कारण ताइताचं पातं मुळाशी फाटत होतं. हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, यंत्र त्याचंच होतं. त्याला फक्त माणसांपासून लांब जायचं होतं. कडा ओलांडला. दरी ओलांडली. ओढ्यावर पोचला तोवर लोक बघत होते, आणि ओढ्याच्या पलीकडं ते पातं तुटलं.

आवाज गडावर जरा उशिरानं आला.

आणि त्यावर पहिली आरोळी कुणाची उठावी? “फितूर!” आबासाहेब तोफेमागून पुढं आले. “लेकावळ्यानं महाराजांवर हात टाकला! यंत्र पळवलं! शीव ओलांडून पळत होता, देवीनंच शिक्षा केली!”

आणि लोकांनी तर तेच पाहिलं होतं ना! डोळ्यांनी! राजाला मातीत फेकलं, यंत्रात बसला, शीव ओलांडली. खोटं काय होतं त्यात?

दुपारी वाड्यात सरकार आणि राणीसाहेब दोघंच बसलेली. राणीसाहेब म्हणाल्या, “ताईत जड होता. मी आबासाहेबांना विचारलंही होतं. इकडून खरं सांगावं. आजच, दरबारात.”

तेवढ्यात वर्दी न देता आबासाहेब आत आले. ते बसलेसुद्धा.

“सरकार, ताइतात शिसं होतं असं कुणी म्हणेल,” ते म्हणाले, “तर लोक विचारतील, बांधला कुणी? राणीसाहेबांनी. अख्ख्या सभेनं पाहिलं. मूल नाही म्हणून नवऱ्यावर उठली, असं बोलायला लोक कमी करणार नाहीत, आणि लष्कर त्यांना अडवणार नाही. त्यापेक्षा असं करू. दत्तक जाहीर करा, आमची हरकत नाही, पहिला मुजरा आमचा. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की रायाजी फितूर झाला, म्हणजे ताइताची चौकशीच उरणार नाही.”

“त्यानं आमचा जीव वाचवला, आबासाहेब.”

“वाचलाय ना? मग तो सांभाळा.”

संध्याकाळी दरबार भरला. नवी पगडी घालून सरकार गादीवर बसले. दत्तकाचं नाव पुकारलं, तोफा झाल्या. मग सरकार म्हणाले, आणि त्यांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचलासुद्धा नाही, “रायाजी लेकावळा आमच्याशी फितूर झाला.” चोपदारानं ते मोठ्यानं पुन्हा पुकारलं. म्हणजे रायाजीचं नाव दरबारात पुकारलं गेलं, ते असं. आणि सरकारांच्या हातात पहिलं सोनं दिलं आबासाहेबांनी.

रायाजीचं प्रेत पलीकडच्या हद्दीत पडलेलं. फितुराला शिवेच्या आत आणायचं नाही असा हुकूम निघाला. तानूबाई एकटी ओढा ओलांडून गेली. तिकडच्या गुराख्यांनी लाकडं दिली.

आणि हे सगळं कशासाठी, तर गादीसाठी! पुढच्या वर्षी इंग्रज गेले आणि थोड्याच दिवसांत संस्थानं खालसा झाली. दत्तक मुलाला गादीवर बसायला गादीच उरली नाही. आबासाहेब अंथरुणाला खिळून गेले, शेवटपर्यंत सरलष्कर म्हणवून घेत, लष्कर नसलेले. चोपदार पोस्टात लागले. गडावर सरकारी कुलूप पडलं.

विलीनीकरणाच्या कागदावर सही करून आले त्या दिवशी हैबतराव पायी चालत तानूबाईच्या घरी गेले. ना मोटार, ना हुजऱ्या. ती अंगणात तांदूळ निवडत होती. उठली नाही.

“तानूमावशी,” ते म्हणाले. लहानपणी तिला असंच म्हणायचे. “रायाजीराव फितूर नव्हता. तो माझा भाऊ होता. मी आता चावडीवर जाऊन हे सगळ्यांना सांगणार आहे.”

तिनं सुपातला एक खडा उचलला, लांब फेकला.

“सांगा की, सरकार,” ती म्हणाली. “गादी होती तवा तुमाला भाऊ परवडला न्हाई. आता गेली, तर आलासा व्हय भाऊ मागायला?”

आणि तिनं सूप उचललं, आत गेली, दाराला कडी घातली. हैबतराव बराच वेळ अंगणात उभे होते. बसा म्हणायला कुणी आलंच नाही.